चौदा वाचक, चौदा मतं आणि तुमचा लेफ्टनंट कमांडर

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि ती चौदा वाचकांच्या मतांची फाईलही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणून वाचली, मोबाईलवर मला धड वाचवत नाही. आधी मला नीट कळलंय ना ते सांगतो. तुम्ही डोंबिवलीला, नोकरी सांभाळून चार वर्षांत मराठीत मिलिटरी रोमँटिक सस्पेन्स लिहिलीत, ३१ प्रकरणं. नायक नेव्हीतला मरीन कमांडो, नायिका न्हावा शेवाला कस्टम्समध्ये, एका कंटेनरमधून काहीतरी भयंकर माल येतोय आणि त्या धावपळीत ह्या दोघांचं जमतंय. चौदा जणांना वाचायला दिलीत. चौघं म्हणतात प्रेमामुळे स्पीड मरतो, पाच जण म्हणतात प्रेम फारच कमी आहे, एक रिटायर्ड फौजी काका म्हणतात पहिल्याच सॅल्यूटला पुस्तक मिटलं, मावशी म्हणतात 'त्या' सीनची भाषा बरी नाही वाटत, आणि तीन कॉलेजवाल्या पोरी म्हणतात नायिका बावळट आहे आणि नायक तिचा फोन चोरून वाचतो म्हणजे तो हिरो कसला. आता ह्यातलं कुणाचं ऐकू, असं तुमचं म्हणणं.

माझ्याबद्दल म्हणाल तर १९८५ ते २००० नेव्हीत होतो, पण कमांडो वगैरे नाही हां, माझा ट्रेडच 'रायटर', म्हणजे जहाजावरचा कारकून, पगार, रजा, सर्व्हिस डॉक्युमेंट, टायपिंग. घरी पहिल्यांदा सांगितलं की मी रायटर झालो तेव्हा आजीला वाटलं पोरगा आता कादंबऱ्या लिहिणार. बाहेर पडल्यावर गिरगावात छोटी लायब्ररी चालवली, एकोणीस वर्षं, आणि त्यातूनच पुढे एक-दोन प्रकाशक हस्तलिखितं वाचायला द्यायला लागले, ते अजून चालू आहे. म्हणजे वर्दी पण जवळून बघितली आणि वर्दीवरच्या गोष्टी वाचणारी माणसं पण.

लायब्ररीत एक गोष्ट शिकलो ती सांगतो, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पुस्तक परत देताना लोक काय बोलतात आणि पुस्तकाची पानं काय बोलतात ह्यात फार फरक असतो. माणूस काउंटरला येऊन म्हणणार 'ॲक्शन मस्त आहे', बाई म्हणणार 'टाईमपास आहे हो', पण पुस्तक हातात घेऊन कडेने बघा, काही पानं काळी झालेली असतात, खालचा कोपरा मऊ पडलेला असतो, कुठे हळदीचं बोट असतं, म्हणजे तिथे माणूस थांबलाय, मागे गेलाय, परत वाचलंय. असल्या सैनिक आणि प्रेमवाल्या कादंबऱ्यांमध्ये, इंग्रजी असो की मराठी, मला वाटायचं मिठीची पानं काळी असणार. तशी नसायची. बॉम्बस्फोटाची पण नसायची, ती तर लोक भराभर उलटतात. काळी व्हायची ती पानं जिथे तो घरी येतो किंवा घरातून निघतो, तिला काहीतरी कळलंय, त्याला सांगता येत नाही, आणि दोघं भलत्याच कशाबद्दल तरी बोलत बसतात, गॅस संपत आलाय वगैरे.

तर आता तुमचे ते चौघं आणि पाच जण. वर वर बघितलं तर उलटसुलट बोलतायत. मला विचाराल तर नऊच्या नऊ जणांना एकच दगड लागलाय. तुमच्या कादंबरीत प्रेम आणि धोका पाळीपाळीने येतात. प्रकरण ९ धोका, १० प्रेम, ११ धोका, १२ मरीन ड्राइव्हला भुट्टा. ज्याला कंटेनरचं काय झालं ते हवंय त्याला भुट्टा म्हणजे जाहिरातीचा ब्रेक, ज्याला त्या दोघांचं काय होतंय ते हवंय तिला कंटेनर म्हणजे ब्रेक. म्हणून एक म्हणतो प्रेम जास्त झालं, दुसरी म्हणते कमी पडलं. पानं कमी करून किंवा वाढवून हे सुटणार नाही, अर्धी कादंबरी कापलीत तरी तक्रार तीच राहणार. भुट्टा खाताना त्याच्या खिशात काहीतरी असलं पाहिजे जे तिला कळलं तर ती तिथूनच उठून जाईल, आणि ते वाचकाला माहीत असलं पाहिजे. मग तोच भुट्टा सस्पेन्स होतो.

इथे रहस्य आणि सस्पेन्समधला घोळ पण तुमच्या वाचकांनी घातलाय. दोघांनी लिहिलंय की 'व्हिलन कोण ते प्रकरण १४ मध्येच कळलं'. कळू दे की. आपल्याकडे रहस्यकथा वाचून वाढलेली पिढी आहे, खुनी शेवटच्या पानावर कळायला हवा अशी सवय आहे, पण तुमचा प्रकार तो नाही. ह्यात वाचकाला आधी कळलेलं आणि नायिकेला न कळलेलं असं काहीतरी हवं असतं, तिथेच पोटात गोळा येतो. ते मत बिनधास्त बाजूला ठेवा.

फौजी काकांचं मात्र शब्दन् शब्द ऐका. ते भांडखोर वाटले तरी तुमचे सगळ्यात स्वस्तात मिळालेले एडिटर आहेत, कारण त्यांनी दाखवलेल्या चुका दोन रविवारांत दुरुस्त होतील आणि नाही केल्या तर वर्दी माहीत असलेला प्रत्येक माणूस तिथेच पुस्तक ठेवील. सॅल्यूटचं सांगायचं तर आर्मीत तळवा समोर दिसतो, नेव्हीत तळवा खाली वळवलेला असतो, जुने लोक सांगायचे की दोरखंड आणि डांबराने हात काळे झालेले असायचे म्हणून साहेबाला तळवा दाखवायचा नाही. तुमचा नायक डॉकयार्डात उभा राहून आर्मीचा सॅल्यूट मारतो. मग तुमचा तो ३१ वर्षांचा 'कॅप्टन', नायकाचा बॉस. आर्मीतला कॅप्टन हा पंचविशीतला पोरगा असू शकतो, पण नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा माणूस, खांद्यावर चार पट्ट्या, चाळिशी ओलांडलेला. तुमचा नायक लेफ्टनंट कमांडर २९ वर्षांचा, ते बरोबर, त्याला दोन जाड पट्ट्या आणि मधे एक बारीक. त्याच्या हाताखालच्या माणसांना तुम्ही 'जवान' आणि एकाला तर 'हवालदार' म्हटलंय, जहाजावर हवालदार नसतो हो, तिथे लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर. आणि संडासाला 'हेड्स' म्हणतात, स्वयंपाकघराला 'गॅली', गावात फिरायला सोडलं की ती 'लिबर्टी'. असले चार शब्द योग्य जागी पडले की बाकीच्या चाळीस गोष्टी वाचक माफ करतो.

बंदुकीचं एवढंच की मॅगझिन बदलायला लावा त्याला. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात, तुमचा माणूस पान २०३ ते २०६ सलग झाडत सुटलाय.

आणि तो जहाजावरून तिला व्हॉट्सॲपवर सेल्फी पाठवतो ते काढाच. डिसेंबर २०१९ मध्ये नेव्हीने जहाजांवर, तळांवर आणि डॉकयार्डात स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं, हेरगिरीच्या एका प्रकरणात सोशल मीडियावरून आपली माणसं जाळ्यात ओढली गेली त्यानंतर. तुमची गोष्ट २०२२ ची आहे. उलट मी म्हणेन हा नियम म्हणजे तुम्हाला आयतं सोनं मिळालंय. दोन दोन आठवडे फोन नाही, ब्लू टिक नाही, लास्ट सीन जुनंच, आणि तिने काय समजायचं? आमच्या वेळेला तर पत्र, पत्त्यात जहाजाचं नाव आणि पुढे 'केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई', बस. जहाज कारवारला आहे की कोचीला की मधेच कुठेतरी, पाठवणाऱ्याला पत्ता नाही आणि पत्र फिरत फिरत पोचायचं. प्रेमाच्या गोष्टीला ह्याहून चांगली अडचण मिळणार नाही, आणि तुम्ही ती सेल्फी पाठवून घालवलीत. २६/११ ला ताजमध्ये गेलेले मार्कोस, म्हणजे नेव्हीचे मरीन कमांडो, नंतर पत्रकारांसमोर आले तेव्हा तोंडं झाकून आले होते, मुंबईकरांना तो फोटो अजून आठवतो, आणि तुमचा हिरो जिममधले फोटो टाकतोय.

आता मुंबईची एक चूक, जी काकांच्याही नजरेतून सुटली. प्रकरण १८, जुलै महिना, धो धो पाऊस, आणि दोघं गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद असतात, मेच्या शेवटाला बंद होतात ते थेट सप्टेंबरपर्यंत. एक तर महिना बदला किंवा त्यांना भाऊच्या धक्क्यावर न्या. तिथून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, आहे २०२० पासून, हवा बरी असेल तर चालते, आणि उरणच्या मोऱ्याला लाँच जाते. मी तर मोराच म्हणेन. तुमची नायिका न्हावा शेवाला जाणारी, त्याचं काम त्या बाजूला, मोऱ्याची लाँच दोघांना अगदी नैसर्गिक आहे, मासळीचा वास, पाट्या घेऊन बसलेल्या बायका, ओहोटीला गाळामुळे लाँच अडते तेव्हा लोक कसे वैतागतात, अडकले दोघं अर्धा तास, बोला आता. गेटवेवर काय, कबुतरं आणि फोटोवाले, सगळ्यांनी लिहून झालंय.

आता मावशी. मावशी म्हणतात भाषा बरी वाटत नाही आणि तुम्ही त्याचा अर्थ घेतलात की सीन काढून टाकावा. मी तो सीन वाचला (बायको बाजूला बसली होती, असो). सीन वाईट नाही, परका आहे. इंग्रजी पुस्तकातली ती वाक्यं मराठीत आणली की एकतर संस्कृत होतात नाहीतर गटारातली, मधलं काही उरत नाही, हा त्रास सगळ्यांनाच होतो. पण मराठीत प्रेमाचा एक प्रसंग असा आहे जो इंग्रजीवाल्यांना लिहिताच येत नाही आणि तो तुम्ही वायाच घालवलाय. तुमची नायिका त्याला पान १२ वरच 'तू' म्हणते! पहिल्या भेटीत! कस्टम्समधली ऑफिसर बाई, समोर नेव्हीचा अनोळखी अधिकारी, आणि 'तू कुठून आलास'? नाही हो. 'तुम्ही' म्हणू दे. 'सर' म्हणू दे तोंड वाकडं करून. शंभर पानं 'तुम्ही' चालू दे. आणि मग कुठेतरी, मोऱ्याच्या लाँचमध्येच म्हणा, बोट हलते, तिचा तोल जातो, तो काहीतरी मूर्खासारखं बोलतो आणि तिच्या तोंडून निघतं, 'गप्प बस जरा.' निघून गेलं. दोघांनाही ऐकू आलं. त्यावर कुणी काही बोलू नका, लेखिका म्हणून तुम्ही तर अजिबात बोलू नका, पुढचं वाक्य भाड्याच्या सुट्ट्या पैशांबद्दल असू दे. तुमच्या पाच जणांना हवं असलेलं प्रेम तिथे भरून येईल आणि मावशींना वाचताना पुस्तक पालथं घालावं लागणार नाही. नंतरचा सीन मग ठेवा की काढा, तुमची मर्जी, त्याचं ओझं कमी झालेलं असेल.

आणि हत्यार उलटं पण चालतं. प्रकरण २४ मध्ये तिला कळतं की तो पहिल्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवायलाच पाठवला होता. तुम्ही तिथे तिला दीड पान रडवलंय, भांडवलंय, कप फोडलाय. त्याऐवजी तिने नुसतं म्हणावं, 'तुम्ही निघा.' परत तुम्ही. एवढंच. मराठी वाचकाच्या काळजाला ते कप फुटण्यापेक्षा जास्त लागतं.

आता त्या तीन पोरी. त्यांचं मत वाचून तुम्हाला राग आलाय ते मेसेजवरून दिसतंय, 'आजकालच्या मुलींना काहीच चालत नाही' वगैरे. लायब्ररीत मी हा बदल डोळ्यांसमोर बघितला. २००० च्या सुमाराला ज्या बायका असली पुस्तकं न्यायच्या त्यांना हिरोने हात धरून खेचलेलं, हुकूम सोडलेला चालायचा, किंबहुना आवडायचा, 'कसा हक्काने बोलतो' म्हणायच्या. दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्याच मुली तेच पुस्तक परत आणून म्हणायच्या, काका हा माणूस डेंजर आहे. पोरी बरोबर आहेत आणि त्यात फॅशनचा संबंध नाही. तुमच्या नायकाने तिचा फोन वाचला ते त्याची ड्युटी म्हणून वाचला की जळून, हे तुम्ही कुठेच ठरवलेलं नाही. ड्युटी म्हणून वाचला असेल तर त्याला त्याची लाज वाटली पाहिजे आणि किंमत मोजायला लागली पाहिजे. जळून वाचला असेल तर तो तुमचा व्हिलन आहे, तुम्हाला अजून कळलेलं नाही इतकंच.

आणि नायिका बावळट दिसते कारण तिला तुम्ही तिचं काम करूच दिलेलं नाही. कस्टम्समध्ये आहे म्हणताय पण ती ३१ प्रकरणांत एकही कागद बघत नाही, सारखी पळते आणि पकडली जाते. अहो, तिच्या हातात कमांडोपेक्षा जास्त ताकद आहे! बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सच्या कागदावर, लिहिलेला माल, कंटेनरच्या सीलचा नंबर, वजन, ह्यातलं एक जुळलं नाही की ती बाई आख्खा कंटेनर अडवून ठेवू शकते. वजनाचं तर जुलै २०१६ पासून जगभर बंधन आहे की भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही. तर तिकडून निघताना लिहिलेलं वजन एक आणि इथे काट्यावर आलेलं दुसरं, मधे चारशे किलोचा फरक, आणि तो फरक सगळ्या यार्डात एकटीला दिसलाय. आता ती ते त्याला सांगू शकते का? नाही. तिचंही खातं आहे, तिचेही वरिष्ठ आहेत, आणि त्यातलाच एक फुटलेला आहे हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तो तिला सांगू शकत नाही आणि ती त्याला. दोघं रोज एकाच लाँचमध्ये, दोघांच्या पोटात एकाच कंटेनरचा नंबर. हे लिहा ना! पळापळ लागतेय कशाला.

अजून एक गोष्ट आहे जी चौदातल्या एकानेही लिहिली नाही पण मला खटकली, म्हणून जरा थांबतो. नायकाला रात्री स्वप्नं पडतात, घाम फुटतो, जुन्या एका ऑपरेशनमध्ये त्याचा मित्र गेलाय. चांगलं लिहिलंय ते. पण ती त्याच्या आयुष्यात आली आणि दहा पानांत स्वप्नं बंद. ह्या प्रकारच्या अमेरिकन पुस्तकांत हे सर्रास असतं, त्यांच्या नेव्हीचा 'सील' कमांडो, जखमी मन, प्रेम झालं, बरा झाला, आणि तिकडच्याही वाचकांची ह्यावर जुनी तक्रार आहे. माझ्याबरोबर मेसमध्ये एक जण होता, नाव सांगत नाही, एका अपघातात बॉयलर रूममधून वाचलेला. लग्न झालं, दोन मुलं झाली, बायको सोन्यासारखी, आणि तरी कुठे वाफेचा आवाज झाला, साधी कुकरची शिट्टी, की तो जेवता जेवता उठून दरवाज्यापाशी जाऊन उभा राहायचा. बायकोने काय केलं, तर कुकर तो घरात नसताना लावायचा, बस. त्यावर कधी बोलली नाही. प्रेमाने त्याला बरं केलं नाही, प्रेमाने कुकरची वेळ बदलली. तुमच्या नायिकेला असं काहीतरी करायला द्या.

आता शेवट. एकाने सल्ला दिलाय की नायक मारा, लोक रडतील, पुस्तक गाजेल. नका मारू. ह्या प्रकाराचं वाचकाशी एक ठरलेलं असतं की दोघं शेवटी जिवंत आणि एकत्र, कसे ते बघायला तो आलेला असतो. बाईच्या नवऱ्याला मारून रडू काढणं फार सोपं आहे, आणि खरं सांगू का, ज्या घरांत तसं झालंय त्या घरांतली माणसं पण लायब्ररीत यायची. पण तुम्ही त्याला जिवंत ठेवून परमवीर चक्र दिलंय, ते परत घ्या. परमवीर, महावीर, वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, युद्धातली. मुंबई बंदरात अतिरेक्यांचा कंटेनर पकडला तर अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र ह्या रांगेतलं काहीतरी. २६/११ नंतर तुकाराम ओंबळे आणि मेजर संदीप उन्नीकृष्णन ह्यांना अशोक चक्रच दिलं होतं. शिवाय आजवर २१ परमवीर चक्रं दिली गेली त्यातली २० आर्मीची आणि १ एअर फोर्सचं, नेव्हीला अजून एकही नाही, त्यामुळे तुमच्या पुस्तकात ते आलं की नेव्हीवाला प्रत्येक माणूस हसणार किंवा हळहळणार. मला तर वाटतं मेडलच नको. असल्या कामांची पुष्कळदा बातमी पण होत नाही, आणि तिच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी कुणालाच पत्ता नाही की ती रात्रभर कुठे होती, 'उशीर का झाला' म्हणून मेमो येतो, हा शेवट मला जास्त आवडेल.

पुढच्या वेळेला वाचायला द्याल तेव्हा 'कसं वाटलं' विचारू नका. त्यावर माणूस एकतर गोड बोलतो नाहीतर शहाणपणा दाखवतो. विचारा की पुस्तक कुठे खाली ठेवलंस. तुमचे वाचक लोकलवाले आहेत, त्यांना अचूक आठवतं, 'ठाण्याला सीट मिळाली तेव्हा काढलं आणि घाटकोपरला मोबाईल बघायला लागले'. तर ठाणे ते घाटकोपरमध्ये काय होतं ते पान शोधा, रोग तिथे आहे. आणि परत कुठलं पान वाचलंस ते विचारा, ते तर नक्की.

एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मे १९९९, कारगिल सुरू झालेलं, नेव्हीचं ऑपरेशन तलवार. आम्ही कुलाब्याला नेव्ही नगरच्या क्वार्टरमध्ये होतो, पोरगी पहिलीत जायची होती. ही म्हणाली, जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा असाल ना? मला थोडंफार माहीत होतं, ऑफिसातला माणूस, कागद माझ्याच हातून जायचे. मी म्हटलं, बघू. तिने पुढे काही विचारलं नाही, फक्त संध्याकाळी माझे चार बनियन जास्तीचे धुऊन वाळत टाकले. आमचं लग्न १९९१ चं, ही मला तेव्हापासून आजपर्यंत 'अहो' म्हणते, जुनं वळण. जहाज परत आलं, मी रात्री उशिरा दार वाजवलं, दार उघडून ती म्हणाली, 'आलास?' एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत 'अहो, चहा ठेवू का'. सव्वीस वर्षं झाली, मी तिला त्यावर कधी छेडलं नाही आणि तीही बोलली नाही.

तर प्रकरण ९ ते १२, १८ आणि २४ आधी परत लिहा, बाकीच्याला आत्ता हात लावू नका. आणि पाठवाल तेव्हा प्रिंट पाठवा, फॉन्ट जरा मोठा ठेवा, हिला पण वाचायचंय. मी तिला तुमच्या लाँचबद्दल सांगितलं तर म्हणाली, ती 'गप्प बस' म्हणते तिथे समोरच्या कोळणीला हसू येऊ दे, तिला कळलेलं असणार.